दुरुपयोग कशाला म्हणावे? काशीतील मराठी दानधर्माच्या निमित्ताने

सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुपयोगाविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, त्यामागे बहुधा दोन समजुती असतात. पहिली समजूत अशी, की दुरुपयोग म्हणजे कोणीतरी केलेली अफरातफर. पैसे खाणारा सापडला, त्याला शिक्षा झाली, की विषय संपला. दुसरी समजूत अधिक सुसंस्कृत दिसते: देणाऱ्याने ज्या कामासाठी वस्तू दिली, त्याखेरीज दुसऱ्या कामी ती लावणे म्हणजे दुरुपयोग. पहिलीत सारे लक्ष चोरावर राहते, दुसरीत दात्यावर. आणि ज्याच्यासाठी ती वस्तू दिली गेली तो तिसरा माणूस, म्हणजे घाटावर उतरणारा यात्रेकरू, छत्रात पंगतीला बसणारा विद्यार्थी, धर्मशाळेच्या ओवरीत दिवस काढणारी काशीवासी विधवा, दोन्ही हिशेबांतून निसटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, दुरुपयोगाची खरी कसोटी या तिसऱ्या माणसाच्या हक्कात शोधली पाहिजे. ज्यांच्यासाठी वस्तू राखून ठेवलेली होती त्यांचा तिच्यावरील हक्क, त्यांना न विचारता आणि त्या बदल्यात तोलाचे काही न देता, बुडवणे म्हणजे दुरुपयोग. मग तो बुडवणारा लोभी असो वा सज्जन, आणि वस्तू मूळच्याच कामाला लागलेली असो वा नव्या.

१. काशीच का

हे प्रतिपादन तपासून पाहण्यास काशीइतके सोयीचे स्थळ मराठी वाचकाला दुसरे मिळणार नाही, कारण अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठी सत्तेचा आणि सावकारीचा जेवढा पैसा या एका शहरात दानरूपाने उतरला, तेवढा महाराष्ट्राबाहेरील क्वचितच एखाद्या तीर्थात उतरला असेल. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला गेल्या, त्याच सुमारास नारायण दीक्षित पाटणकर यांनी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागात बांधकामे करून मराठी ब्राह्मणांच्या वस्तीला आधार दिला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे आजचे मंदिर उभारले. नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा घाट झाला. नागपूर दरबारातील श्रीधर नारायण मुनशी यांनी चुनारी दगडाचा वाडा आणि त्याखालचा मुनशीघाट बांधला. अमृतराव पेशव्यांनी राजाघाट बांधला आणि तेथे अन्नछत्र चालवले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप उभारला आणि १८३० च्या सुमारास शिंदेघाटाचे काम काढले.

यांपैकी बहुतेक वास्तू आज उभ्या आहेत, आणि त्यांतील क्वचितच एखादी मूळ कामाला, मूळ माणसांच्या हाती, मूळ व्यवस्थेने चालते. म्हणजेच, दात्याच्या हेतूपासून ढळणे हाच दुरुपयोग असेल तर जवळजवळ सगळी मराठी काशी दुरुपयोगाची ठरते; आणि चोरी हाच दुरुपयोग असेल तर जवळजवळ काहीच घडलेले नाही, कारण घाट कोणी उचलून नेलेला नाही. ज्या दोन कसोट्या एकाच वस्तुस्थितीवर इतके टोकाचे निकाल देतात, त्या दोन्ही कुठेतरी चुकत असल्या पाहिजेत.

२. एका नावाखाली अनेक अपराध

गोंधळाचे पहिले कारण असे, की एकमेकांपासून फार भिन्न असलेली कृत्ये एकाच नावाने ओळखली जातात. इंग्रजी कायद्याच्या भाषेत मिसयूज, अब्यूज, मिसॲप्रोप्रिएशन, डायव्हर्जन, वेस्ट असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. मराठी वृत्तपत्रात मात्र या सगळ्यांची वासलात ‘गैरव्यवहार’ या एका शब्दात लागते. वस्तुतः हे भेद आपल्याकडे परके नाहीत. धर्मशास्त्रात वादांचे जे अठरा प्रकार, म्हणजे व्यवहारपदे, मानली आहेत त्यांतील तीन येथे थेट लागू पडतात. ‘निक्षेप’ म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. ती ठेवून घेणाऱ्याने परवानगीवाचून स्वतःसाठी वापरली तर याज्ञवल्क्यस्मृती त्याला दंड सांगते आणि वाढीसह परतफेड करायला लावते. ‘अस्वामिविक्रय’ म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री. ‘दत्ताप्रदानिक’ म्हणजे एकदा दिलेले परत घेण्यावरून उद्भवणारा वाद. पहिल्यात वस्तू जागेवर राहते, पण तिचा उपभोग भलताच घेतो. दुसऱ्यात वस्तूच हातची जाते. तिसऱ्यात खुद्द दाता, किंवा त्याचे वारस, दिलेला शब्द फिरवतात.

या विचाराला काशीतील मराठी घराण्यांनी मोठा हातभार लावला आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात त्रिस्थलीसेतुकार नारायणभट्ट झाले, १६१२ चा निर्णयसिंधु लिहिणारे कमलाकरभट्ट झाले, १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट झाले, आणि नीलकंठभट्टही झाले, ज्यांच्या बारा मयूखांत दान, उत्सर्ग, प्रतिष्ठा आणि व्यवहार यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. त्यांतील व्यवहारमयूख पुढे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. काशीत दान कसे करावे याचे शास्त्र लिहिणारे आणि काशीत दान ओतणारे असे दोन्ही पक्ष मराठी होते, ही गोष्ट या विषयावर लिहिताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

३. दात्याच्या हेतूची कसोटी का पुरत नाही

या कसोटीविरुद्धचे सर्वांत भक्कम प्रमाण त्याच शास्त्रात सापडते. विहीर, तलाव, घाट, धर्मशाळा यांसारख्या लोकोपयोगी दानाला ‘पूर्त’ म्हणतात आणि ते लोकांस अर्पण करण्याच्या विधीला ‘उत्सर्ग’. उत्सर्गाचा अर्थ असा, की दाता आपले स्वामित्व सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देतो. त्यानंतर त्याला स्वतः त्या तलावाचे पाणी प्यायचे असेल तर तो इतर दहा जणांतला एक म्हणून पितो, मालक म्हणून नव्हे. स्वामित्वच सोडले, तर पुढील शतकांच्या वापरावर हुकूम चालवण्याचा अधिकार दात्याच्या इच्छेकडे कुठून राहणार? दानाला एक दिशा मिळालेली असते हे खरे. पण त्या दिशेला बळ येते ते दाता ती बोलला म्हणून कमी आणि काही माणसे तिच्यावर विसंबली म्हणून अधिक.

दुसरी अडचण ज्ञानाची आहे. संकल्पाचे पाणी सोडताना उच्चारलेले शब्द हवेत विरले. सनदा आणि ताम्रपट असतात तेथे जमिनीच्या सीमा बारकाईने लिहिलेल्या आढळतात, पण तिच्या उत्पन्नातून नेमके कोणी, कधी, काय करावे याचा तपशील बहुधा एखाद्या ओळीत आटोपलेला असतो. घाटाच्या बाबतीत तर हेतू दगडांतूनच वाचावा लागतो. मुनशीघाटासमोर उभे राहून पाहिले तर खाली स्नानाच्या पायऱ्या, मधे पुरात लाटा अंगावर घेणाऱ्या अष्टकोनी मढ्या, वर किल्ल्यासारखी भिंत आणि त्याहून वर वाड्याच्या खिडक्या दिसतात. पायऱ्या सर्वांसाठी होत्या हे कळते, वाडा धन्यासाठी होता हेही कळते. मढीवर तख्त टाकून, वेताची छत्री रोवून घाटिये बसू लागले, म्हणजे स्नानार्थ्याचे कपडे सांभाळणारे आणि टिळा लावून दक्षिणा घेणारे ब्राह्मण आले, ते धन्याच्या इच्छेने की आपल्या सोयीने, हे मात्र दगड सांगत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी असून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. दात्याचा हेतू स्पष्ट असतो आणि तोच अन्याय्य असतो, असेही घडते. जुन्या काळी अनेक छत्रांतली पंगत केवळ ब्राह्मणांसाठी, काही ठिकाणी विशिष्ट शाखेच्या ब्राह्मणांसाठी होती. ती पंगत आज सर्वांना खुली केली तर दात्याचा हेतू मोडतो यात शंका नाही, परंतु त्याला दुरुपयोग म्हणण्यास आज कोणताही विचारी मनुष्य धजणार नाही. तरीही हा शब्द नेमका अशाच वेळी शस्त्रासारखा उपसला गेला आहे. स्वातंत्र्यानंतर काशी विश्वनाथ मंदिरात अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश मिळाला तेव्हा स्वामी करपात्री आणि त्यांच्या अनुयायांनी त्याला कडवा विरोध केला, आणि मीरघाटाजवळ दुसरे खासगी विश्वनाथ मंदिर उभे राहिले. महाराष्ट्रात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात असाच प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. विरोधकांचा युक्तिवाद दोन्हीकडे मूलतः एकच होता: ज्या कामासाठी, ज्या मर्यादेत मंदिर स्थापन झाले, ती मर्यादा ओलांडणे म्हणजे देवस्थान भ्रष्ट करणे. हेतूची कसोटी प्रामाणिकपणे पाळायची तर हा युक्तिवाद खोडता येत नाही. हक्काची कसोटी लावली तर तो एका वाक्यात कोसळतो, कारण दर्शनाचा हक्क वाढल्याने आधीच्या भाविकाचा कोणताही हक्क कमी झाला नव्हता. कमी झाली ती त्याची मक्तेदारी.

४. खासगीचे प्रकरण

अहिल्याबाईंच्या दानधर्माची अलीकडच्या काळातील कहाणी या सगळ्या चर्चेला प्रत्यक्ष आधार देते. होळकरांच्या राज्यात राजघराण्यातील स्त्रियांच्या ताब्यातील स्वतंत्र उत्पन्नाला ‘खासगी’ म्हणत, आणि अहिल्याबाईंची देशभर पसरलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा, बागा या खासगीशी जोडलेल्या होत्या. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा खासगीच्या मालमत्ता आणि उत्पन्न राज्याकडे गेले असे मानून, त्या बदल्यात या धर्मादाय कामांसाठी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे द्यावेत, अशी तरतूद झाली. पुढे १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट स्थापन झाला आणि २४६ मालमत्तांचा कारभार त्याच्याकडे आला.

काही मालमत्तांच्या विक्रीवरून, विशेषतः हरिद्वारच्या कुशावर्त घाटाशी संबंधित व्यवहारावरून, वाद पेटला आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये या मालमत्ता राज्य सरकारच्या असल्याचे ठरवून आर्थिक गुन्हे शाखेकडून चौकशीचा आदेश दिला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. मालमत्ता सरकारच्या नाहीत, त्या ट्रस्टच्याच आहेत. परंतु हा सार्वजनिक ट्रस्ट असल्याने त्याने मध्य प्रदेशच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी केली पाहिजे, आणि झालेल्या विक्रींमुळे ट्रस्टचे नुकसान झाले का, हे रजिस्ट्रारने तपासून, झाले असल्यास ते विश्वस्तांकडून भरून घ्यावे, असा त्याचा सारांश आहे. गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश रद्द झाला.

वृत्तपत्रांनी या निकालाकडे ट्रस्ट जिंकला की सरकार जिंकले, या अंगाने पाहिले. त्यातील खरा विचार वेगळाच आहे. न्यायालयाने मालकीचे दोन्ही दावेदार एका अर्थाने बाजूला सारले आणि प्रश्न असा मांडला, की लोकांसाठी असलेल्या मालमत्तेची उणीव झाली का आणि झाली असेल तर ती कोण भरणार. फौजदारी गुन्हा शाबीत होवो वा न होवो, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि चोर शोधण्याच्या समजुतीला नेमका तोच दिसत नाही.

याच प्रकरणातील ती वार्षिक रक्कमही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. १९४८ च्या सुमारास पावणेतीन लाखांहून अधिक रुपयांत मंदिरांची दिवाबत्ती, पुजाऱ्यांचे वेतन आणि डागडुजी यांचा विचार तरी करता येत होता. आकडा तोच ठेवला तर आज त्या पैशात एका मोठ्या घाटाची दुरुस्तीही होणार नाही. येथे कोणी एक पैसा खाल्लेला नसेल, कोणी हेतू मोडलेला नसेल, ‘कायमचे’ हा शब्द अक्षरशः पाळलेला असेल, आणि तरीही दिव्यातले तेल संपले असेल. महागाईशी न जोडलेली कायम रक्कम हा दुरुपयोगाचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि भारतातल्या अनेक जुन्या देणग्या त्यानेच मारल्या आहेत.

५. राज्य: रक्षक आणि वाटेकरी

राज्यसंस्थेने हस्तक्षेप केला की दुरुपयोग थांबतो, अशीही एक भाबडी आशा असते. ईस्ट इंडिया कंपनीने १८१० चा एकोणिसावा रेग्युलेशन काढला तो देवळे, मशिदी, पाठशाळा, पूल, सराया यांसाठी दिलेल्या जमिनींचे उत्पन्न दात्यांच्या इच्छेविरुद्ध खाजगी फायद्यासाठी वळवले जाऊ नये म्हणून. काशी त्या वेळी बंगाल इलाख्यात असल्याने तो तेथे लागू होता. १८६३ च्या कायद्याने सरकारने धार्मिक संस्थांच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि तो स्थानिक समित्यांवर व विश्वस्तांवर सोपवला. दरम्यान १८५७ चा उठाव होऊन गेला होता. राजाघाट बांधणाऱ्या अमृतराव पेशव्यांच्या वारसांची चित्रकूटजवळील कर्वी येथील अफाट संपत्ती इंग्रज फौजेने लूट म्हणून ताब्यात घेतली, आणि लंडनच्या न्यायालयात १८६६ मध्ये बांदा-कर्वी लुटीचा जो गाजलेला खटला निकाली निघाला, त्यात वाद होता तो कोणत्या सैन्यतुकडीला किती वाटा मिळावा एवढाच. त्या घराण्याच्या आश्रयावर जगणाऱ्यांचे काय, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. धर्मादायाच्या दुरुपयोगाविरुद्ध नियम करणारे आणि त्या घराण्याची तिजोरी उचलणारे सरकार एकच होते.

स्वतंत्र भारतात चित्र पालटले, पण प्रश्न पूर्णतः सुटला नाही. १९८३ मध्ये मंदिरातील चोरीनंतर उत्तर प्रदेश सरकारने काशी विश्वनाथाचा कारभार कायदा करून आपल्या हाती घेतला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पंढरपूरला बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले, आणि चाळीस वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. दोन्ही ठिकाणी वहिवाटीलाच मालमत्ता समजण्याची जुनी सवय मोडली, हे चांगले झाले. परंतु सरकारी समिती आली म्हणून भाविकाला हिशेब विचारण्याचा अधिकार आपोआप मिळाला, असे नाही. बडव्याच्या जागी अधिकारी बसला आणि रांगेतला माणूस होता तेथेच राहिला, तर कसोटीच्या दृष्टीने फारसे काही बदललेले नसते.

६. वाडा, आरती आणि कॉरिडॉर

आता ही कसोटी काशीच्या आजच्या वापरांवर लावून पाहावी. मुनशींचा वाडा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दरभंगानरेशांकडे गेला, शेजारचा घाट दरभंगाघाट म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि आज त्या वाड्यात महागडे हॉटेल आहे. अनेक मराठी यात्रेकरूंना ते पाहून हळहळ वाटते, आणि ‘दानाचा बाजार मांडला’ असा शेराही ऐकू येतो. पण वाडा मुळात धन्याच्या निवासासाठी होता; तो विकला गेला, त्यात पाहुणे पैसे देऊन राहू लागले, यात कोणाचा सार्वजनिक हक्क बुडाला नाही. खालच्या पायऱ्यांवर उतरताना एखाद्या सामान्य स्नानार्थ्याला हटकले गेले तर मात्र तो दुरुपयोग होय, मग वरच्या दगडी कोरीवकामाची निगा कितीही उत्तम राखलेली असो. हळहळ आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारशाच्या चर्चेत पहिलीलाच दुसरीचा मान मिळतो.

दशाश्वमेधावरची सायंकाळची मोठी गंगाआरती, तिच्या चौक्या, ध्वनिक्षेपक आणि झगमगाट, हे सगळे आजच्या स्वरूपात अलीकडचे आहे आणि घाट बांधणाऱ्यांच्या कल्पनेत ते नव्हते. तेवढ्याने तो दुरुपयोग ठरत नाही. पायऱ्या मोकळ्या असतील, कोणालाही फुकट बसता येत असेल, तर घाटाला एक नवे काम मिळाले इतकेच. समोरच्या जागा पैसे घेऊन राखल्या जाऊ लागल्या, की त्या क्षणापासून त्याच आरतीबद्दल वेगळे बोलावे लागेल.

काशी विश्वनाथ मंदिराच्या कॉरिडॉरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ८ मार्च २०१९ रोजी पायाभरणी आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या या प्रकल्पात, मंदिराचा सुमारे तीन हजार चौरस फुटांचा परिसर जवळजवळ पाच लाख चौरस फुटांचा झाला, असे सरकारी निवेदन आहे. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या आणि गल्ल्यांचे एक जुने जाळे नाहीसे झाले. परिसरात अहिल्याबाईंचा पुतळा बसवला गेला. समर्थक म्हणतात, अहिल्याबाईंचेच काम पुढे नेले. टीकाकार म्हणतात, अहिल्याबाईंच्या काशीचा गळा घोटला. दोन्ही पक्ष दात्याच्या नावाने भांडतात, आणि म्हणूनच दोघांचेही भांडण उथळ राहते. गंगेवरून थेट दर्शनाला येणाऱ्या वृद्ध यात्रेकरूची सोय वाढली, हा हक्काच्या पारड्यात टाकायचा खरा लाभ आहे. घरमालकाला किंमत मिळाली, पण पिढ्यानपिढ्या कोपऱ्यावर बसणाऱ्या फुलवाल्याला, भाडेकरूला, घराच्या आत दडलेल्या लहान देवळात रोज पाणी घालणाऱ्या म्हातारीला काय मिळाले, हा त्याच पारड्यातला दुसरा खरा प्रश्न आहे. या दोन्हींचा जमाखर्च मांडल्याशिवाय प्रकल्पाला सदुपयोग वा दुरुपयोग म्हणणे हे केवळ राजकीय निष्ठेचे प्रदर्शन ठरते.

७. काम तेच, तरी दुरुपयोग

हेतूची कसोटी ज्या ठिकाणी पूर्णपणे आंधळी ठरते, ते ठिकाण म्हणजे गंगेचे पात्र. नदीत स्नान करणे, निर्माल्य सोडणे, अस्थी विसर्जित करणे हे वापर परंपरेने मान्य आहेत. सांडपाण्याचे नाले सोडणे मान्य नाही, एवढे सांगून ही कसोटी थांबते. पण मान्य वापरही संख्येने इतका वाढू शकतो, की तो पुढच्याचा वापर अशक्य करून सोडतो. १४ जून १९८६ रोजी वाराणसीच्या घाटावरूनच गंगा कृती योजनेचा आरंभ झाला, २०१४ मध्ये नमामि गंगे आली, आणि तरीही अस्सी नदीला काशीकर आज नाला म्हणूनच ओळखतात. मर्यादेबाहेरच्या वापराला अतिवापर म्हणून वेगळे काढण्याचे कारण नाही. खालच्या घाटावर उद्या आंघोळ करणाऱ्याचा हक्क वरच्या घाटावर आज बुडतो, म्हणून तोही दुरुपयोगच होय.

मर्यादा न ओळखण्याच्या या दोषातून दातादेखील सुटत नाही. बायजाबाईंचा शिंदेघाट इतका भव्य आणि जड बांधला गेला, की तो स्वतःच्या भाराने खचला. पुढे विसाव्या शतकात शिंदे घराण्याने तो पुन्हा बांधून घेतला. हेतू निर्मळ होता, पैसा होता, कारागीर होते, आणि काठाच्या मातीचा अंदाज मात्र चुकला.

८. आक्षेप

या मांडणीवर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की दात्याच्या इच्छेला किंमतच उरली नाही तर पुढे दान देणार कोण. आक्षेप गंभीर आहे, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९२ विश्वासभंगाचा दावा लावण्याचा अधिकार महाधिवक्त्याला, किंवा न्यायालयाच्या अनुमतीने त्या ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्तींना देते. दात्याच्या वारसाला तो केवळ वारस म्हणून मिळत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने त्याच कलमात, मूळ उद्देश पूर्ण झाला असेल किंवा पाळणे अशक्य झाले असेल तर त्याच्याशी शक्य तितका जवळचा दुसरा उद्देश ठरवण्याची मुभा न्यायालयाला दिली. इतके असूनही या देशात दाने थांबलेली नाहीत. विचारी दाता आपले शब्द जपले जावेत यापेक्षा आपले दान कोणाच्या तरी उपयोगी पडत राहावे, असेच इच्छितो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ‘लाभार्थ्याचे हित’ ही पिशवी इतकी सैल आहे, की तिच्यात कोणताही बिल्डर आपला आराखडा कोंबू शकेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच कसोटीत ‘हित’ हा शब्द न वापरता ‘हक्क’ हा शब्द वापरला आहे. हित दुसरा कोणीतरी ठरवतो. हक्क ज्याचा त्याला मागता येतो. अमुक छत्रात रोज पन्नास विद्यार्थी जेवत होते आणि ते बंद करून तेथे व्यापारी गाळे काढले, तर गाळ्यांच्या भाड्यातून पन्नास जणांचे जेवण दुसरीकडे चालू आहे का, हे विचारता येते आणि मोजताही येते. ते चालू नसेल तर ‘शहराचा विकास झाला’ हे उत्तर पुरेसे नाही.

तिसरा आक्षेप असा, की लाभार्थी विखुरलेले असतात. नांदेडहून येणारा यात्रेकरू आयुष्यात एकदा राजाघाटावर उतरतो, तो हक्क मागणार कधी आणि कोणाकडे? या आक्षेपाला तात्त्विक उत्तर नाही, केवळ व्यवस्थेचे उत्तर आहे, आणि ती व्यवस्था आज अपुरी आहे. महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त कायद्यामुळे प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि तिची नक्कल मागता येते. उत्तर प्रदेशात त्या धर्तीचा सर्वसाधारण कायदा नाही, त्यामुळे काशीतील एखादी धर्मशाळा कोणाच्या दानाची, कोणासाठी, कोणत्या अटींवर आहे, हे सामान्य माणसाला शोधून काढणे जिकिरीचे होते. ज्या हक्काची नोंदच नाही तो बुडाल्याचे कोणाला कळतही नाही.

९. पुढे काय

म्हणून काशीच्या मराठी वारशाविषयी कळकळ असणाऱ्यांनी पुतळे, नामफलक आणि स्मृतिदिन यांच्या पलीकडचे एक रुक्ष काम हाती घ्यावे. पुण्याच्या पेशवे दप्तरात, इंदूर आणि ग्वाल्हेरच्या जुन्या कागदांत, काशीतील मराठी घराण्यांच्या पेट्यांत जी दानपत्रे, सनदा, हिशेबवह्या असतील त्यांतून प्रत्येक घाट, छत्र आणि धर्मशाळेपुढे तीन गोष्टी लिहून काढाव्यात: ती कोणासाठी होती, त्यांना तेथे काय मिळत असे, आणि आज ते कोणाकडे मागायचे. ही यादी हिंदीत आणि मराठीत छापावी, आणि तिची एक प्रत त्या त्या वास्तूच्या दारावर लावावी.